ब्याण्णव पौंड

हिलोत पाऊस सकाळी सातलाच येऊन गेलेला.
पत्र्याच्या शेडमध्ये काटा, खतांच्या दुकानात असतो तसा,
आणि काट्यापाशी नोहेआ नावाची मुलगी,
कानामागे फूल, हातात निळा मार्कर.
"बूट राहू द्या," म्हणाली, "बुटांसकटच उडायचंय."

विद्याधर चढला. एकशे सत्त्याऐंशी.
तिने त्याच्या मनगटावर आकडा काढला
आणि तो उगाच खूश झाला,
जणू कुणी गुळाने तुला केली त्याची.

मग मी.
घरचा काटा मी फेब्रुवारीतच माळ्यावर टाकलाय.
दवाखान्यातल्या काट्यावर डोळे मिटून चढते,
नर्सला सांगते, लिहा, पण बोलू नका.
नोहेआ बोलली नाही. लिहिलं फक्त.
ब्याण्णव.
मतदानाची शाई निदान बोटावर असते.
ही मनगटावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

रांगेत मागे ओहायोचं कुटुंब.
त्यांच्या धाकट्याने, असेल बारा वर्षांचा,
आपला हात माझ्या हाताला लावून पाहिला:
"मी तुमच्याहून सहाने जास्त!"
आई कानकोंडी झाली.
मला बरं वाटलं. वर्षभरात माझ्या वजनावर
पहिल्यांदाच कुणी सरळ बोललं होतं.

तारा सात. सहा गेल्या
रानटी पेरूंवरून, छत्रीएवढ्या नेच्यांवरून,
किंकाळ्या, टाळ्या, फोटो.
सातवी दरीवरची.
विद्याधर नावाला जागून उडाला,
पलीकडच्या फळीवर धप्पकन उतरला,
हात हलवू लागला: ये!

मी पाय उचलले.
समोरून वारा आला.
वेग आधी मंदावला, मग संकोचला,
मग परक्या घरात पाणी मागावं की नाही
अशा विचारात पडल्यासारखा
थांबला.
इथून तिथे पोचण्याइतकं वजन
माझ्यात नव्हतं.

विद्याधर ओरडत होता. शब्द ऐकू येईनात,
सूर ओळखीचा: इन्शुरन्सवाल्यांशी
हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून बोलायचा, तो.
मागून वॉकीटॉकी खरखरली,
"हलू नका. केओनी येतोय."

हलणार कुठे?
खाली धबधबा. वरून त्याची पाठच दिसते,
उडी घेण्याआधीची, जरा वाकलेली.
एक पांढरा पक्षी लांब शेपूट ओढत
माझ्या पायाखालून गेला.
पायाखालून.

आणि वास.
आधी वाटलं भास असेल. औषधांनी चव नेली,
नाक अजून आपल्या मर्जीने चालतं.
पण नाही, सोनटक्काच.
उताराउतारावर, ओढ्याच्या दोन्ही अंगांना,
एवढा, की गजरे करायला
अख्खं कुडाळ बसवावं लागेल.

केओनी उताणा होऊन तार ओढत आला, घामाघूम.
'घाबरू नका' नाही, 'सॉरी' नाही. म्हणाला,
"बाकीच्यांना ही दरी नऊ सेकंद मिळते."
मी खाली बोट दाखवलं.
"ते? ते इथलं नाही. कुणीतरी बागेसाठी आणलं,
आता हटत नाही. दर शनिवारी उपटायला जातो आम्ही."
"आमच्याकडे केसांत माळतात," म्हणाले मी,
आणि हात आपोआप वर गेला.
हेल्मेट. हेल्मेटखाली रुमाल. रुमालाखाली
नुकते कुठे बोटांना लागू लागलेले.
त्याने पाहिलं, काही बोलला नाही.
थोडा वेळ तोही नुसता लटकला माझ्या शेजारी.

मग माझा हुक आपल्या हुकात अडकवून
हात हात तार मागे सारत
त्याने मला पलीकडे नेलं.

फळीवर विद्याधर घड्याळ दाखवत उभा:
"अकरा मिनिटं!"
जणू मुहूर्त टळला होता माझ्यामुळे.
"अकरा," म्हटलं, "आणि तुला नऊ सेकंद."
त्याला कळलं नाही. सांगेन कधीतरी.

संध्याकाळी हॉटेलात आंघोळ करताना
डावा हात तेवढा
पाण्याबाहेर धरला.